किरकोळ धडकेची पावती: भरावी की लढवावी?

बेळगावात गोवावेसजवळ उलट्या बाजूनं आलेली दुचाकी भाच्याच्या कारला घासली. दाराला पोचा पडला, दुचाकीवाल्याला खरचटलंही नाही. पण रहदारी पोलिसांनी दंडाची पावती केली ती भाच्यावर, बेफिकिरीनं गाडी चालवल्याची. ताईचं म्हणणं, भर आणि सुट. भावोजी म्हणाले, चूक नसताना एक रुपयाही द्यायचा नाही. मी म्हटलं, आधी कलम वाचू.

सगळं त्या कलमावरच ठरतं. पावती सीटबेल्ट नसल्याची असेल आणि तो खरंच नव्हता, तर भरून टाका, वाद कशाला? पण मोटार वाहन कायद्याचं कलम 184, म्हणजे धोकादायक रीतीनं वाहन चालवणं, लावलं असेल तर थांबा. पहिल्या गुन्ह्याला 1000 ते 5000 रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. या कलमाखाली पोलीस लायसन्स काढून घेऊन आरटीओकडं पाठवू शकतात. तिथं तुमचं म्हणणं ऐकून पहिल्या वेळी ते तीन महिने बंद होऊ शकतं. दंड भरला तरी ही कारवाई टळत नाही, असं 2019 च्या दुरुस्तीनं कलम 200 मध्येच लिहिलंय. 'भर आणि सुट' म्हणणाऱ्यांना हे ठाऊक नसतं, म्हणून मला त्या सल्ल्याची भीती वाटते.

भरण्याचा फायदा खरा आहे: वकील नाही, तारखा नाहीत. चंदगड-कोल्हापूरकडून एमएच 09 गाडी घेऊन बेळगावला येणाऱ्याला तर तो मोठाच, कारण केस जिथं घडलं तिथल्याच कोर्टात चालते. पण उद्या दुचाकीवाल्यानं भरपाईचा दावा लावला, तर त्याचा वकील तीच पावती पुढं करील. चूक कुणाची हे मोटार अपघात दावा प्राधिकरण, म्हणजे भरपाईचे दावे चालवणारं न्यायाधिकरण, स्वतंत्रपणे ठरवतं, तरी उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. विमा कंपनीला लगेच कळवा आणि तिला विचारल्याशिवाय चूक कबूल करू नका; पॉलिसीची ती अटच असते.

लढायचं तर पुरावा हवा. आसपासच्या दुकानाचं सीसीटीव्ही फुटेज त्याच दिवशी मागा, नवीन रेकॉर्डिंग जुन्यावर चढतं. सोबत फुटेज त्याच्याच कॅमेऱ्यातलं असल्याचं दुकानदाराचं प्रमाणपत्रही घ्या, नाहीतर कोर्टात ते टिकणार नाही. पावती कॅमेऱ्यावरून आली असेल तर नोटीस 15 दिवसांत यायला हवी आणि निकाल लागेपर्यंत चित्रण जपून ठेवणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

आपल्याकडची खरी अडचण भाषेची. कागद कन्नडमध्ये असतात आणि माणूस न वाचताच सही करतो. तसं करू नका, आधी कुणाकडून तरी वाचून घ्या. साक्ष तुम्हाला न कळणाऱ्या भाषेत चालली, तर ती भर कोर्टात समजेल अशा भाषेत सांगितली गेली पाहिजे. हा आरोपीचा हक्क आहे. बेधडक मागा. वकिलाची फी झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाला 15100 वर फोन करा; महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

लोकअदालत रक्कम मिटवायला ठीक, पण निर्दोष ठरायला तिचा उपयोग नाही. आणि कुणाला लागलं असेल, भारतीय न्याय संहितेच्या कलम 281 खाली, म्हणजे बेदरकारपणे वाहन चालवल्याचा, गुन्हा नोंदला असेल, तर पावतीचा विचार सोडा नि थेट वकील गाठा.

भाच्याच्या पावतीवर 184 च होतं. त्यानं भरली नाही. समोरच्या बेकरीतलं फुटेज पेनड्राइव्हवर घेतलंय, पहिल्या तारखेला मीही जाणार आहे.