यूट्यूब लाइव्हच्या चॅटला स्क्रिप्ट जोडायची तर: अधिकृत एपीआय की बिनकिल्लीची लायब्ररी?

लाइव्ह चालू असताना चॅट वाचणारी आणि गरजेपुरतं उत्तर टाकणारी स्क्रिप्ट पायथनमध्ये लिहायची झाली, तर दोन वाटा समोर येतात. एक गूगलच्या अधिकृत एपीआयची, म्हणजे प्रोग्रॅमनं यूट्यूबशी बोलायला गूगलनंच दिलेल्या दाराची. दुसरी, कसलीही किल्ली (गूगलकडून मिळणारा ओळखीचा कोड) न मागता चॅट खेचून आणणाऱ्या लायब्ररींची; पायटचॅट आणि चॅट-डाउनलोडर ही त्यातली परिचित नावं. मी दोन्ही वापरून पाहिल्या आणि आता एकीवर स्थिरावलो आहे. लाइव्ह पाठवायचं ओबीएस सॉफ्टवेअर कसं लावायचं, पायथन कसं चालवायचं हे ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यासाठी लिहितोय. कोडच्या वाटेला जायचं नसेल तर नाइटबॉटसारखा तयार बॉट पुरतो. ठरावीक सूचना आणि ठरावीक उत्तरं तो व्यवस्थित सांभाळतो.

आमची गरज थोडी वेगळी आहे. सोलापूरला सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत नंदीध्वजांची, म्हणजे मानाच्या उंच काठ्यांची, मिरवणूक उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून निघते आणि सम्मती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. पुण्या-मुंबईला, हैदराबादला गेलेले सोलापूरकर लाइव्हला चिकटून बसलेले असतात आणि सगळ्यांचे प्रश्न दोनच: नंदीध्वज कुठं पोचले, आणि अक्षता कधी? कुणी मराठीत विचारतं, कुणी कन्नडमध्ये ‘यावाग’, कुणी तेलुगूत ‘एप्पुडु’, आणि बरेच जण हेच सगळं इंग्रजी अक्षरांत. कॅमेरा धरलेल्या माणसाला उत्तर द्यायला हात मोकळा नसतो. म्हणून मिरवणुकीबरोबर चालणारा एक पोरगा फोनवरून एका ओळीची फाइल बदलत राहतो, ‘माणिक चौक’, ‘विजापूर वेस’, ‘पंचकट्टा’, आणि स्क्रिप्टनं प्रश्न ओळखून तीच ओळ चॅटमध्ये टाकायची.

बिनकिल्लीच्या लायब्ररीची पहिली भेट फार सुखाची असते, हे मान्य केलं पाहिजे. एक पिप इन्स्टॉल, व्हिडिओचा आयडी, चार-पाच ओळींचा लूप, आणि चॅट टर्मिनलवर धावायला लागतं. गूगल क्लाउडवर प्रोजेक्ट नको, संमतीचा पडदा (खातं वापरायला परवानगी मागणारं गूगलचं पान) नको, कोट्याचा म्हणजे रोजच्या वापरमर्यादेचा हिशेब नको. नंतर बसून प्रश्न मोजायचे असतील, जुन्या लाइव्हचं चॅट उतरवून घ्यायचं असेल, तर मी आजही हीच वाट सुचवेन. उत्तर पाठवणं मात्र या दोघींच्या कामात येत नाही, त्या फक्त वाचतात. शिवाय यूट्यूबच्या अटींना असं परस्पर खेचणं मंजूर नाही. ज्याचं चॅनेल पोटापाण्याचं आहे त्यानं याचा विचार करावा.

पण माझा निर्णय यातल्या कशानं झाला नाही. झाला तो लायब्ररीच्या गप्प बसण्यानं.

ऐन मिरवणुकीत वाचन थांबलं. टर्मिनलवर शेवटचा मेसेज तसाच, खाली कर्सर, लाल अक्षर एकही नाही. फोनवर उघडून ठेवलेल्या चॅटमध्ये मात्र प्रश्नांवर प्रश्न येत होते. मी तेव्हा वापरत होतो त्या पायटचॅटची रचना अशी आहे की आत काहीही बिनसलं तरी लूप शांतपणे संपतो, जणू लाइव्हच संपलं. चूक आत जपून ठेवलेली असते, पण ती आपण मुद्दाम विचारल्याशिवाय बाहेर येत नाही. ते विचारणारी ओळ लिहिली तरी हाती येतं ते मोघम. गड्ड्याच्या गर्दीत मोबाइलचं नेट आधीच रडतखडत चालतं. अशा वेळी नेट गेलं, यूट्यूबनं पानाची आतली मांडणी बदलली, की चॅटच बंद झालं, हे वेगळं कळायलाच हवं, कारण तिन्हींवर करायचं काम वेगळं. नेट गेलं तर थांबून पुन्हा जोडायचं, मांडणी बदलली तर त्या दिवसापुरता नाद सोडायचा, चॅट बंद असेल तर स्टुडिओत जाऊन चालू करायचं. मला त्या क्षणी यातलं काहीच ठरवता येईना.

अधिकृत एपीआय इथं सरळ बोलतो. चॅट संपलं असेल तर ‘लाइव्ह चॅट एंडेड’, बंद असेल तर ‘लाइव्ह चॅट डिसेबल्ड’, फार घाईनं विचारलंत तर ‘रेट लिमिट एक्सीडेड’, कोटा संपला तर तसं. कारण शब्दांत येतं आणि प्रत्येक कारणाला स्क्रिप्टमध्ये स्वतंत्र फांदी काढता येते. पुढच्या वेळी किती सेकंदांनी विचारायचं हेही तोच प्रत्येक उत्तरासोबत सांगतो. आणि पाठवण्याची सोय त्याच घरात आहे.

त्याची किंमत म्हणजे कोटा. एका प्रोजेक्टला दिवसाला १०,००० युनिट मिळतात. माझ्या हिशेबात चॅट एकदा वाचायला ५ युनिट जातात. दर पाच सेकंदांनी विचारलं तर तासाला ७२० विनंत्या, म्हणजे ३,६०० युनिट. सकाळी मिरवणुकीबरोबर सुरू केलं तर पावणेतीन तासांत खजिना रिकामा. आणि कोटा नव्यानं भरतो तो अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेनुसार मध्यरात्री, म्हणजे जानेवारीत आपल्याकडे दुपारी दीडला. अक्षतांची वेळ नेमकी त्याच सुमाराची, त्यामुळे हे गणित आधी कागदावर मांडावंच लागतं. मी अंतर पंधरा सेकंदांवर नेलं. तासाला १,२०० युनिट होतात आणि दीडपर्यंत आरामात निभावतं. उत्तर पाठवायला वाचण्याच्या कितीतरी पट युनिट कापले जातात, म्हणून प्रत्येकाला वेगळं उत्तर न देता साचलेल्या प्रश्नांना मिळून एकच ओळ टाकतो. बघणाऱ्यांनाही तेच बरं वाटतं, असा माझा अनुभव आहे. आता स्ट्रीमलिस्ट नावाची पद्धतही आली आहे. तिच्यात एकदा जोडणी झाली की मेसेज आपणहून येत राहतात.

ही वाट घेतलीत तर दोन गोष्टी पहिल्याच दिवशी कोडमध्ये घाला. आपण टाकलेला मेसेज पुढच्या वाचनात परत येतो, तेव्हा लेखकाचा चॅनेल आयडी तपासून स्वतःचे मेसेज वगळा, नाहीतर उत्तरातल्या ‘अक्षता’ला स्क्रिप्ट पुन्हा उत्तर देत बसेल. आणि सुरुवातीच्या वाचनात आधीचे काही मेसेजही मिळतात, म्हणून स्क्रिप्ट नव्यानं चालू केल्यावर त्याआधीच्या वेळेचे मेसेज सोडून द्या. उत्तरासाठी वेगळं चॅनेल काढून त्याला मॉडरेटर केलं की स्लो मोडची (दोन मेसेजांत ठरावीक अंतर ठेवायला लावणाऱ्या सेटिंगची) अडचण राहत नाही.

संमतीच्या पडद्याचं एक आहे. प्रोजेक्ट ‘टेस्टिंग’ स्थितीत ठेवला तर रिफ्रेश टोकन (पुन्हा लॉगिन न करता स्क्रिप्टला खातं वापरू देणारी खूण) सात दिवसांत मरतं, आणि दर आठवड्याला कीर्तनाचं लाइव्ह करणाऱ्याला ते नेमकं कार्यक्रमाच्या तोंडावर कळतं. ‘इन प्रॉडक्शन’ करून टाका. गूगलनं तपासलेलं ॲप नाही असा इशारा संमती देताना दिसतो, पण ॲपही आपलं आणि खातंही आपलंच, त्यामुळे पुढे जायला हरकत नाही.

कोटा वाढवून मागण्याचा अर्जही असतो. त्यात ॲप काय करतं, मिळालेला मजकूर कुठं साठवतं हे लिहून द्यावं लागतं आणि तपासणी होते. संक्रांतीच्या आठवड्यात भरून उपयोग नाही. यात्रेसाठी हवा असेल तर दिवाळी झाल्या झाल्या पाठवा.