ब्लॅक लिकर, लिग्नोसल्फोनेट की गाळ : टीटीसीतल्या छोट्या युनिटने काय घ्यावं?

दोन-तीन हजार लिटरचा रिऍक्टर, एक फिल्टर प्रेस आणि बेताचा ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा). नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात, रबाळे-महापेकडे असलेल्या अशा युनिटला कागद उद्योगाच्या टाकाऊ मालातून रसायन बनवायचं असेल, तर भावाचा हिशेब दुसरा. पहिला हिशेब ड्रेनमधून काय जाणार याचा.

लाकडाचा लगदा शिजवताना मिळणाऱ्या टॉल ऑइलबद्दल बरंच वाचायला मिळतं, पण ते पाइनचं. आपल्याकडच्या गिरण्या निलगिरी, सुबाभूळ, बांबू, बगॅस (उसाचं चिपाड) वापरतात. तो विषय इथेच संपतो.

रद्दीवर चालणाऱ्या गिरण्यांचा गाळ जवळपास फुकट मिळतो आणि त्यात सेल्युलोज असतं. त्यापासून एन्झाइमने साखर काढायची तर पीएच ५ च्या आसपास हवा. गाळातलं कॅल्शियम कार्बोनेट तिथेच आडवं येतं. १ किलो कार्बोनेट ०.९८ किलो सल्फ्युरिक ऍसिड खातं, फेस वर येतो आणि खाली पावणेदोन किलोच्या घरात जिप्सम उरतं. म्हणजे एक गाळ देऊन दुसरा गाळ घेतला.

ब्लॅक लिकर म्हणजे लगदा शिजवून काढल्यावर उरणारा काळा द्राव. त्याचं आकर्षण जास्त, कारण लिग्निन (लाकडाचे तंतू चिकटवून ठेवणारा पदार्थ) त्यातच आहे. पण पातळ लिकरमध्ये घन पदार्थ १५ टक्क्यांच्या आसपास. १० टनांच्या टँकरमध्ये दीड टन घन, त्यात लिग्निन जेमतेम अर्धा टन. बाकी भाडं पाण्याचं. शिवाय मोठी गिरणी ते रिकव्हरी बॉयलरमध्ये जाळून वाफ आणि कॉस्टिक परत मिळवते, त्यामुळे स्वस्तात सोडणार नाही.

प्रक्रिया अशी : आटवलेल्या लिकरमध्ये ६०–७० अंशांवर कार्बन डायऑक्साइड सोडून पीएच १० पर्यंत आणायचा, गाळायचं, उरलेला केक (ओला चोथा) सौम्य सल्फ्युरिकमध्ये पीएच २–३ ला पुन्हा कालवायचा, परत गाळून धुवायचा. मधलं कालवणं वाचवायला जाऊ नका. केक प्रेसमध्येच धुतला तर क्षार आधी निघून जातात, पीएच मात्र वरच राहतो. लिग्निन पुन्हा विरघळतं आणि केक बुजतो. मग प्रेस उघडून खरवडत बसा.

क्राफ्ट पद्धतीचं (कॉस्टिकसोबत सोडियम सल्फाइड वापरणारं) लिकर असेल तर ऍसिड पडताच हायड्रोजन सल्फाइड सुटतो. १०० पीपीएमला नाकच बधिर होतं, म्हणून वासावर भरवसा नको. कॉस्टिकचा स्क्रबर (वायू धुणारी यंत्रणा) आणि गॅस डिटेक्टर हवाच. सोडा पद्धतीच्या (नुसत्या कॉस्टिकच्या) लिकरमध्ये ही भीती नाही, पण ते बहुधा गव्हाच्या काडाचं किंवा बगॅसचं असतं आणि त्यात सिलिका असते. पीएच उतरवताना तीही लिग्निनसोबत बसते. नमुना आला की ५ ग्रॅम कोरडं लिग्निन ५२५ अंशांवर जाळून राख बघा. राख गरम पाण्यात विरघळली तर ती सोडियमची, म्हणजे धुणं कमी पडलं. हायड्रोक्लोरिकमध्येही राहिली तर सिलिका; ती धुऊन जाणार नाही.

प्लायवूडच्या रेझिनमध्ये फिनॉलऐवजी लिग्निन वापरायचं असेल तर निलगिरीचं घेऊ नका. त्याच्या रेणूत मेथॉक्सी गट जास्त, फॉर्मल्डिहाइडला जोडायची जागाच अडवलेली. बगॅसचं लिग्निन इथे सरस.

उरलं लिग्नोसल्फोनेट, म्हणजे लगद्याच्या सल्फाइट प्रक्रियेत पाण्यात विरघळणारं झालेलं लिग्निन. नॉर्वेतली बोरेगार्ड कंपनी त्यापासून व्हॅनिलिनही बनवते. ते वाचून हुरळू नका, दाबाखालचं ऑक्सिडेशन छोट्या युनिटमध्ये बसत नाही. तयार पावडर आणून काँक्रीटचं प्लास्टिसायझर (कमी पाण्यात काँक्रीट मऊ ठेवणारं द्रावण) बनवणं मात्र जमतं. ७०० लिटर पाणी ४०–५० अंशांवर ढवळत ३०० किलो पावडर हळूहळू सोडा, वर डिफोमर (फेस मारणारं) आणि बायोसाइड (जंतू मारणारं). डिफोमर विसरलात तर काँक्रीटमध्ये हवा अडकून चाचणीच्या क्यूबची ताकद उतरते. बायोसाइड विसरलात तर पावडरमधली लाकडाची साखर आंबून ड्रम फुगतात.

मात्रा सिमेंटच्या वजनाच्या ०.१ ते ०.३ टक्के पावडर, म्हणजे ५० किलोच्या गोणीला ५० ते १५० ग्रॅम. जास्त पडलं की साखरेमुळे सिमेंट तासन् तास सेट होत नाही आणि फोन तुम्हालाच येतो. काँक्रीटचं पाणी ५–१० टक्केच वाचतं. टॉवरच्या जास्त ताकदीच्या काँक्रीटला आरएमसीवाले (तयार काँक्रीट पुरवणारे) पीसीईच (पॉलिकार्बोक्सिलेट, जास्त पाणी वाचवणारं रसायन) घेणार. नफा पातळ आहे, पण सांडपाणी म्हणजे भांडी धुतल्याचं तेवढंच.

सुरुवात या मालापासून करा, मात्र पहिल्या खेपेला एकच टन. एक गोणी तोंड उघडं ठेवून जुलैत दोन आठवडे गोदामात ठेवा आणि परत तोला. जेवढं वजन वाढलं तेवढं पाणी. अशी ओलावलेली पावडर बॅचला वापरली तर ३०० किलो त्या हिशेबाने वाढवायचे.