जुनी जीप तापते? जाळी, टेंपरेचर गन आणि कॅपिलरी मीटर, होळी ते दिवाळी वापरल्यानंतरचा अनुभव

होळीच्या आधी आमच्या एमएम ५४० च्या (महिंद्राची जुनी जीप) रेडिएटरला नवीन कॉपरची जाळी, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या नळ्या-पत्र्यांचा भाग, टाकून घेतली, डॅशबोर्डला कॅपिलरीवालं (इंजिनपासून बारीक नळीने जोडलेलं) मेकॅनिकल टेंपरेचर मीटर लावलं आणि त्याच्या थोडं आधी एक इन्फ्रारेड टेंपरेचर गन (लांबूनच तापमान दाखवणारी) घेतली होती. उन्हाळा झाला, अख्खा पावसाळा चिखलात गेला, म्हणून आता निवांत लिहितोय. जुन्या जीपवाल्यांना हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवण्यापर्यंत नेतात आणि दुखणं भलतंच निघतं, हे बघून खरंच जीव तुटतो.

गाडीत २११२ सीसीचं प्यूजो डिझेल. गावात, ट्रॅफिकमध्ये काटा जागचा हलायचा नाही, पण हायवेला दामटली किंवा पोलादपूरवरून आंबेनळी घाट चढायला घेतला की काटा सरळ लालला टेकायचा. एका गॅरेजमध्ये सांगितलं थर्मोस्टॅट (इंजिन गरम झालं की रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) काढून टाका, नाहीच थांबलं तर हेड खोलू. थर्मोस्टॅट काढायचा सल्ला सर्रास देतात पण मला तो अजिबात पटत नाही, सपाटीला इंजिन नीट गरमच होत नाही, डिझेल जास्त पितं आणि जाळी चोंदलेली असेल तर ती तशीच राहते. त्यापेक्षा तो काढून पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटर लावून गॅसवर ठेवा, ८२ डिग्री छापलेला असेल तर त्या आसपास उघडायला लागला पाहिजे. आमचा उघडला, म्हणजे तो सुटला.

गाडी कधी तापते हे आधी नीट बघा, अर्धं निदान तिथेच होतं. उभी असताना किंवा लो गिअरमध्ये रांगताना तापते आणि रस्त्यावर पळवली की उतरते, तर हवा कमी पडतेय, म्हणजे पंखा, ढिला पट्टा, नाहीतर जाळीच्या पत्र्यांत भरलेला चिखल. उलट लोड पडल्यावर तापते तर संशय पाण्याच्या फिरण्यावर, जाळी आतून चोंदलीय, वॉटर पंपचा पंखा झिजलाय किंवा खालचा होज (रबरी पाइप) सक्शनने आत ओढला जातोय. आमची दुसऱ्या प्रकारातली.

गन खरी उपयोगी पडली ती इथे. इंजिन चांगलं गरम करून बंद केलं आणि लगेच जाळीवर वरून खाली, मग डावीकडून उजवीकडे गन फिरवली. बहुतेक ठिकाणी ऐंशीच्या घरात आणि डाव्या बाजूच्या पट्ट्यात एकदम पन्नासच्या आसपास! लोक गरम जागा शोधतात, पण शोधायची ती थंड जागा, कारण तिथल्या नळ्यांतून गरम पाणी जातच नाही. रेडिएटरवाल्याने वरची टाकी उघडली तेव्हा त्या बाजूच्या नळ्यांची तोंडं पांढऱ्या क्षाराने बंद, अगदी जुन्या गिझरच्या कॉइलसारखी. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेलं. एक लक्षात ठेवा, चकचकीत धातूवर ही गन कमी आकडा दाखवते, थर्मोस्टॅटच्या हाऊसिंगवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर मारा.

हेड गॅसकेटची (हेडखालचं सील) शंका घरीच तपासता येते. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून चालू करा, सुरुवातीची हवा निघून गेल्यावरही बुडबुडे येतच राहिले, किंवा झाकण लावून चालू केल्यावर मिनिटभरात वरचा होज टणक झाला तर गॅसकेटकडे बघा. आमच्याकडे दोन्ही नाही, म्हणून हेडला हातच लावू दिला नाही. गरम गाडीचं झाकण मात्र कधीही उघडू नका, हात भाजलेली माणसं बघितलीत.

झाकणाचं रबर कडक झालेलं, तेही बदललं. महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर, तिथे उघडं पाणी ९५-९६ डिग्रीलाच उकळतं, झाकण प्रेशर धरत नसेल तर घाट संपता संपता पाणी बाहेर येणारच. घेताना जुन्यावर लिहिलेल्या रेटिंगचंच घ्या. आत आता अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर.

रिझल्ट म्हणाल तर मे महिन्यात चार माणसं आणि सामान घेऊन आंबेनळी चढलो, मीटर ९२ च्या वर गेलं नाही. पावसाळ्यात एकदा चिखलात रांगताना ९८ दाखवलं आणि डांबरीला लागल्यावर खाली आलं, म्हणजे यावेळी हवेचा प्रश्न. इंजिनच्या बाजूने पुढे असं हलक्या पाण्याने जाळी धुतली, गाडी पुन्हा जागेवर. आकडा दिसत असल्याने डोकं शांत राहतं हे फार मोठं आहे. जुना इलेक्ट्रिक काटा तर हेडलाईट लावले की वर सरकायचा, तो अर्थिंगचा घोळ होता, त्यामुळे त्याच्यावर विश्वासच उरला नव्हता.

तक्रारी आहेत. कॅपिलरीची नळी फार नाजूक, मुरडली किंवा चिरली तर दुरुस्ती नाही, अख्खं मीटर बाद. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) नेताना भोकात रबरी ग्रोमेट (रिंग) घालाच, नाहीतर व्हायब्रेशनने घासते, आणि उरलेली नळी मोठ्या गोलात गुंडाळून बांधा. रात्री मीटरचा दिवाही मंद वाटतो. नवीन जाळी जुनीपेक्षा जड आहे म्हणून खालची माउंटिंग रबरं नवीन टाकावी लागली, आणि गणपतीच्या सुमारास वरच्या टाकीच्या डाग दिलेल्या (सोल्डर केलेल्या) सांध्यातून थोडं पाझरलं, रेडिएटरवाल्याने पैसे न घेता परत डाग दिला, तेव्हापासून कोरडं आहे.