कृतिदेव-श्रीलिपीवरच राहायचं का युनिकोडवर यायचं?

जळगाव-धुळ्याकडे डीटीपीचं (कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून छपाईला द्यायचं) नवीन दुकान टाकणारा, पतपेढीत सभासदांच्या याद्या सांभाळणारा आणि अहिराणी गाणी-म्हणी गोळा करणारा, तिघं एकच प्रश्न विचारतात, कृतिदेव-श्रीलिपी हे जुने मराठी फॉन्टच चालू ठेवायचे का युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला नंबर देणारी पद्धत, धरायची? पण तिघांचं उत्तर एक नाहीये. आपल्याकडे होतं काय की कॉम्प्युटर घेतला तेव्हा दुकानदाराने जो फॉन्ट टाकून दिला तोच वर्षानुवर्षं चालतो, कोणी विचारत नाही. म्हणून आधी आत काय चालतं ते बघा, मग ठरवा.

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, फक्त आकडा कळतो. आस्की नावाचा जो जुना कोड होता त्यात ७ बिट, म्हणजे १२८ जागा, आणि त्या सगळ्या इंग्रजी अक्षरं, आकडे, चिन्हं आणि कॉम्प्युटरच्या आतल्या खुणांनी भरलेल्या. मग फॉन्टवाल्यांनी जुगाड केला, आकडा इंग्रजी अक्षराचाच ठेवला आणि वर चित्र मराठीचं बसवलं, म्हणजे इंग्रजीला मराठीचं सोंग. कृतिदेवात तुम्ही जळगाव टाईप करता तेव्हा फाईलमध्ये जाऊन बसतं टी, कॅपिटल जी, एक्स, के, ओ. फॉन्ट लावलाय तोवर जळगाव, काढला की सोंग उतरलं. म्हणूनच तो मजकूर व्हॉट्सॲपवर टाकला की काहीतरी इंग्रजी कचरा दिसतो. आणि श्रीलिपीची मांडणी परत वेगळी, त्यामुळे एका दुकानातली फाईल दुसऱ्या दुकानात उघडेलच याची गॅरंटी नाही.

युनिकोडचं पहिलं व्हर्जन १९९१ चं, त्यात देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा दिल्या, मांडणी आपल्याच भारतीय इस्की कोडवरून घेतलेली. क म्हणजे कायम ०९१५, मग फॉन्ट कुठलाही लावा, मोबाईल असो का कॉम्प्युटर. दिसणं आणि असणं वेगळं झालं, खरा फरक एवढाच.

याद्या करणाऱ्यांनी हे नीट वाचा भो. कृतिदेवात केलेली सभासदांची यादी एक्सेलमध्ये सॉर्ट करून बघा, पहिले येईल बापू, मग कैलास, मग मधुकर, कारण त्यांच्या पोटात सी, डी, ई आहे. अनिल पार खाली, व्हीपाशी, म्हणजे एक्सवाल्या गजाननच्या जरा वर. आणि गंमत म्हणजे किरण, दिलीप, विजय तिघं एका ठिकाणी जमा होतात, कारण जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप करायची आणि ती म्हणजे एफ. कॉम्प्युटरच्या हिशोबाने तिघांची नावं एकाच अक्षराने सुरू होतात! युनिकोडमध्ये क आधी साठवला जातो, वेलांटी नंतर, ती डावीकडे दाखवायचं काम फॉन्ट आणि सॉफ्टवेअर करतात. त्यामुळे किरण कैलासजवळच बसतो. (कोडच्या नंबरात ळ हा ल च्या लगेच नंतर येतो, आपल्या वर्णमालेत ह नंतर, त्यामुळे मराठीचा क्रम न लावलेलं सॉफ्टवेअर तिथे थोडी गडबड करतं, पण किरण-विजयच्या गोंधळापुढे ती काहीच नाही.) पतपेढी, सोसायटी, शाळेचं रजिस्टर, जिथे शोधायचं-लावायचं काम आहे तिथे जुन्या फॉन्टचा विचारसुद्धा करू नका.

युनिकोड जागा जास्त खातो म्हणतात, ते खरं आहे. युटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, आपलं एक अक्षर किंवा मात्रा ३ बाइट (बाइट म्हणजे फाईलची जागा मोजायचं माप) घेते, जुन्या फॉन्टात बहुतेक वेळा १. जळगाव तिकडे ५ बाइट, इकडे १५. पण लाखभर अक्षरांचं पुस्तक धरलं तरी ३ लाख बाइट होतात, मोबाईलवर काढलेला एक फोटो त्याच्या कितीतरी पट असतो, तेव्हा हे कारण सोडा. फक्त एसएमएसमध्ये खरंच चटका बसतो, एका मेसेजला १४० बाइट मिळतात, त्यात इंग्रजी १६० अक्षरं मावतात आणि मराठी ७०, तीही काना-मात्रा धरून. सभासदांना ढीगभर एसएमएस पाठवत असाल तर मजकूर आखडताच ठेवा.

आता दुकानवाल्यांची बाजू. लग्नपत्रिका, फ्लेक्स, कानबाईच्या कार्यक्रमाचं पॅम्प्लेट, इथे वळणदार अक्षरं लागतात आणि जुन्या फॉन्टांचा त्यात अजून दबदबा आहे, खोटं कशाला बोलायचं. शिवाय पेजमेकर हे पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर, त्याचं ७ हे २००१ चं शेवटचं मोठं व्हर्जन, त्यावर बसलेल्याला युनिकोड मराठी जमतच नाही, जोडाक्षरं फुटतात. उद्या छापून परवा रद्दीत जाणारं काम असेल आणि मशीन जुनी असेल तर कृतिदेव-श्रीलिपी चालू द्या, काही बिघडत नाही. नवीन सेटअप घेताय तर मात्र युनिकोडच घ्या. मुक्त, बालू, टिरो देवनागरी मराठी असे चांगले फॉन्ट फुकट मिळतात, टिरोमध्ये ल आणि श मराठी वळणाचे आहेत, हिंदी वळणाचे नाहीत. हात रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाईपरायटरच्या कळांच्या मांडणीवर, बसलाय ही अडचण नाही, युनिकोडसाठीही रेमिंग्टन कीबोर्ड मिळतो, बोटं तीच राहतात.

अहिराणीवाल्यांना युनिकोडशिवाय पर्याय नाही, पण एक खोच आहे. आपलं ऱ्हायना, ऱ्हायनू पानोपानी येतं. साधा र, मग हलन्त (अक्षराचा पाय मोडायची खूण), मग ह दिला की रफार वर चढतो आणि र्हायना होतं. त्यासाठी नुक्त्याचा ऱ घ्यायचा, ०९३१ नंबरचा, मग हलन्त, मग ह. काही कीबोर्ड साध्या र ला मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालून तेच रूप काढतात. डोळ्याला दोन्ही सारखंच, पण कॉम्प्युटरला वेगळं, मग अर्ध्या पानांवर शब्द सापडतो आणि अर्ध्यांवर नाही. चार जण मिळून टाईप करणार असाल तर सगळ्यांनी एकच कीबोर्ड टाका आणि पहिल्या दिवशीच ऱ्हायना शोधून बघा.

जुन्या फाईली कन्व्हर्टरने बदलता येतात, पण रफार, पहिली वेलांटी आणि ऱ्य-ऱ्ह हमखास हुकतात, तेवढी नजर टाकावीच लागते. आणि मूळ फाईल लगेच डिलीट करू नका, सोबत कुठला फॉन्ट होता त्याचं नाव फाईलच्या नावातच लिहून ठेवा, नाहीतर पुढे कन्व्हर्टरला काय सांगायचं तेच कळत नाही.