नरसिंगपेट्टैचं बारी नादस्वरम् : घेण्याआधी काय तपासावं

तमिळनाडूत कुंभकोणमजवळच्या नरसिंगपेट्टै गावात बनणाऱ्या नादस्वरमला, म्हणजे सनईच्या जातीच्या लांब दक्षिणी वाद्याला, 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याची खरी किंमत लाकडात आहे. नळी आच्चा लाकडाची असते. हा आच्चा म्हणजे आपल्या खानदेशातला अंजन वृक्ष. कारागीर ताजं लाकूड घेत नाहीत, जुन्या पाडलेल्या घरांचे खांब आणि तुळया शोधतात. ओलं लाकूड सुकताना आकसतं. त्यात फुंकेचा दमटपणा गेला की नळी वाकते, तडकते आणि सूर हलतात. म्हणून लाकूड किती जुनं, हा पहिला प्रश्न विचारावा.

बारी, म्हणजे सुमारे अडीच फुटांचं लांब नादस्वरमच घ्यावं. तिमिरी या आखूड प्रकाराचा स्वर चढा आणि टोकदार लागतो. बारी मात्र साधारण पेटीच्या पांढरी दोन किंवा काळी दोन पट्टीमध्ये भरदार बोलतं. नामवंत वादक टी. एन. राजरत्नम पिळ्ळै यांच्यासाठी कारागीर रंगनाथन आचारींनी या वाद्यात शुद्ध मध्यम नेमका बसवला. आजही तानपुऱ्यावर षड्जाइतकाच हा मध्यम पारखून घ्यावा.

नळी उजेडाकडे धरून आतून पाहा. पोकळी वरून खाली सलग रुंदावत गेलेली हवी. मध्येच कड किंवा पायरी दिसली तर वाद्य परत ठेवा. बोटांची भोकं सात. खालची पाच सूर जुळवण्यासाठी असतात, गरजेप्रमाणे ती मेणाने बुजवतात. हे मेण खरवडून साफ करू नये, सगळी जुळणी बिघडते.

नवशिक्याचा खरा त्रास शीवाळीचा, म्हणजे फुंकायच्या पत्तीचा. पत्तीचं तोंड जास्त उघडं असेल तर सूर उतरतो आणि दम पुरत नाही. फार मिटलं तर आवाज कोंडतो. वाजवण्याआधी ती भिजवून मऊ करावी लागते. पत्ती ज्या धातूच्या नळीवर बसते तिच्यावरचा दोरा सैल पडला की हवा गळते आणि सगळ्यात आधी खालचे सूर दगा देतात. एका पत्तीवरून वाद्याला नावं ठेवू नयेत, निदान तीन-चार लावून पाहाव्यात. जादा पत्त्या वाद्याबरोबरच घ्याव्यात, कारण महाराष्ट्रात त्या सहज मिळत नाहीत आणि सनईची पत्ती इथे चालत नाही.

सनईवाल्यांना बोटं लवकर बसतील, दमसास मात्र नव्याने कमवावा लागेल. श्रुती (सूक्ष्म सूर) आणि अर्धस्वर मुख्यतः फुंकेच्या जोरावर काढायचे असतात. वाजवून झाल्यावर नळी आतून पुसून सावलीत वाळवा, उन्हात नको.