छोट्या बोटीवरचा फ्रिज : इंजिनाच्या पट्ट्यावर की बॅटरीवर?

आठ-दहा मीटरच्या बोटीवर कायमचा फ्रिज बसवायचा म्हटलं की शेवटी दोनच पर्याय उरतात. एक, मुख्य इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कंप्रेसर आणि पेटीत होल्डिंग प्लेट, म्हणजे थंडावा साठवून ठेवणारी प्लेट. दुसरा, बॅटरीवर चालणारा १२ व्होल्टचा सीलबंद कंप्रेसर आणि पातळ इव्हॅपोरेटर प्लेट, म्हणजे पेटीतली उष्णता शोषणारी प्लेट. बाकीचे पर्याय लवकर गळतात. पेल्टिएरची (कंप्रेसरशिवाय थेट विजेने थंड होणारी) पेटी बाहेरच्या हवेपेक्षा साधारण २० अंशच खाली उतरते आणि त्यासाठी ४-५ ॲम्पिअर अखंड ओढते. ज्योतीवर चालणारा ॲब्सॉर्प्शन फ्रिज बोट कलली की रुसतो. शिवाय एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, साचतो.

कोणताही निवडा, आधी पेटी बघा. वरून उघडणारी, ८० लिटरच्या आसपासची, चारही बाजूंना आणि तळाला ७५ ते १०० मिलिमीटर पफ (उष्णता अडवणारा फोम) असलेली पेटी उष्ण हवेत अंदाजे २० वॅट उष्णता आत घेते. दिवसाचे झाले ४८० वॅट-तास. पफ ५० मिलिमीटर असेल, झाकणाचं रबर दबलेलं असेल किंवा तळाचं पाणी जायचं भोक उघडंच असेल, तर हा आकडा सहज दीडपट होतो. त्या भोकाला बूच लावा. थंड हवा तिथूनच निघून जाते, आणि दोष मात्र कंप्रेसरला दिला जातो.

इंजिनवाल्या पद्धतीची मुख्य जमेची बाजू ताकद. पट्ट्यावरचा कंप्रेसर एक किलोवॅटहून जास्त थंडावा देऊ शकतो. प्लेटमध्ये शून्याखाली गोठणारं द्रावण असतं. साध्या पाण्याचा १ किलो बर्फ वितळताना सुमारे ९३ वॅट-तास उष्णता घेतो, द्रावण त्याहून थोडी कमी. म्हणजे वरच्या पेटीला ६ किलोच्या आसपास द्रावण हवं. ते गोठायला इंजिन तासभर चालवलं की दिवसाची सोय झाली, बॅटरीला हातही लागत नाही. मासेमारीची किंवा रोज फेऱ्या मारणारी बोट असेल, इंजिन तसंही चालतच असेल, तर हा हिशेब चोख आहे. मोठा फ्रीझर हवा असेल तर आजही मी याच्या विरोधात फारसं बोलणार नाही.

नांगर टाकून बसणाऱ्यांचं गणित वेगळं. केवळ थंडाव्यासाठी रोज तासभर डिझेल इंजिन हलक्या भारावर चालवलं तर सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत होत जातात आणि इंजिन तेल खायला लागतं. तेही एक वेळ चालवून घेता येईल. माझं मत बॅटरीकडे फिरवलं ते शाफ्टच्या सीलने.

या कंप्रेसरचा शाफ्ट कवचातून बाहेर येतो, कारण त्यावर पुली बसते. तिथलं सील तेलाच्या पातळ थरामुळे घट्ट राहतं, आणि ते तेल कंप्रेसर फिरला तरच तिथे पोहोचतं. बोट काही आठवडे उभी राहिली की थर सुकतो, गॅस हळूहळू झिरपतो, आणि पुढच्या वेळी कोरडं सील घासत सुरू होतं. त्यात इंजिन मऊ पायांवर हलत असल्याने तांब्याच्या नळीऐवजी रबरी होज वापरावे लागतात, त्यांतूनही थोडा गॅस जातोच. लक्षणं ठरलेली: क्लचच्या मागे तेलकट मळ, इंजिन स्थिर वेगावर आल्यानंतरही साइट ग्लासमध्ये (आतला गॅस दिसणाऱ्या काचेत) बुडबुडे, आणि तासात गोठणाऱ्या प्लेटला दीड तास. सर्किट पूर्ण रिकामं झालं असेल तर नुसता गॅस भरून भागत नाही. आत दमट हवा गेलेली असते. ओल शोषणारा ड्रायर बदलून, व्हॅक्यूम काढूनच भरावं लागतं. नाहीतर एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे गॅस प्लेटमध्ये सोडणाऱ्या बारीक तोंडात, बर्फ अडकतो. मग फ्रिज दहा मिनिटं थंड करतो, थांबतो, पुन्हा चालू होतो. उपाय आहे: आठवड्याला दहा मिनिटं कंप्रेसर फिरवायचा. पण त्यासाठी कुणीतरी बोटीवर असायला हवं, आणि अडचण नेमकी तीच आहे.

सीलबंद कंप्रेसरात मोटर आतच असते, शाफ्ट बाहेर येतच नाही. मूळचा डॅनफॉसचा आणि आता सेकॉपचा बीडी-३५ यात सर्वांत परिचित. वरच्या पेटीसाठी त्याला दिवसाला ३० ते ३५ ॲम्पिअर-तास लागतात. झाकण सारखं उघडलं, कोमट बाटल्या भरल्या तर ४०. १०० वॅटचं सौर पॅनेल चांगल्या उन्हात २५-३० देतं, तेव्हा अशी दोन लावलेली बरी. थर्मोस्टॅटच्या तारेत रेझिस्टर नसेल तर कंप्रेसर मिनिटाला २००० फेऱ्यांनी चालतो. वीज वाचवायची तर तसाच राहू द्यावा.

याचीही दुखणी आहेत, पण ती बहुतेक तारांची. व्होल्टेज १०.४ पर्यंत पडलं की कंट्रोलर (कंप्रेसर चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) कंप्रेसर बंद करतो आणि ११.७ झाल्याशिवाय सुरू करत नाही. बॅटरी भरलेली असूनही तो बंद पडत असेल तर तार बारीक आहे. बॅटरीपासून कंट्रोलरपर्यंत ४ मीटरला ४ चौरस मिलिमीटर, ६ मीटरला ६ हे प्रमाण पाळा, १५ ॲम्पिअरचा फ्यूज बॅटरीजवळ लावा, आणि ही लाइन पॅनेलवरच्या दिव्यांच्या स्विचमधून नेऊ नका. कंट्रोलरला छोटा एलईडी जोडता येतो: एकदा लुकलुकला तर व्होल्टेज, दोनदा तर पंखा, पाचदा तर कंट्रोलर तापलाय. गॅस अगदी थोडा असल्याने जोडण्या मात्र जपून कराव्यात: ओ-रिंगला (जोडणीतल्या रबरी कडीला) तेल, आवळायला दोन स्पॅनर, धूळ शून्य. प्लेटच्या सुरुवातीलाच हिम धरत असेल तर गॅस कमी. परतीच्या नळीवर कंप्रेसरकडे हिम सरकत असेल तर जास्त.

कंडेन्सर, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणारा भाग, पाण्याने थंड करायचा की हवेने? पाण्याने वीज वाचते हे खरं. पण पंप, गाळणी, गाळणीत अडकणारं शेवाळ हे सगळं मागे लागतं. बोटीच्या बुडाला बाहेरून बसणाऱ्या, समुद्राच्या पाण्यानेच थंड होणाऱ्या कीलकूलरला पंप लागत नाही, मात्र बोट पाण्याबाहेर काढली की फ्रिज बंद ठेवावा लागतो. छोट्या पेटीला हवा पुरते, असं माझं मत. हवा खालून थंड जागेतून आत यावी, वरून बाहेर जावी, आणि तीच गरम हवा पुन्हा कंडेन्सरवर येऊ नये. इंजिनाच्या कप्प्यात तर हे युनिट नकोच. एक सुटा पंखा जवळ असू द्या. बोट २४ व्होल्टची असली तरी तो १२ व्होल्टचाच घ्यायचा, कंट्रोलर त्याला १२च देतो.