सर्व्हरच्या ८ टीबीच्या चार हार्ड ड्राइव्ह, एक पावसाळा काढल्यावर

आमची प्रेस कुंडईला इस्टेटमध्ये, काजूचे बॉक्स, फेणीची लेबलं, हॉटेलांचे मेनू असलं काम. जुन्या सर्व्हरला ४ टीबी होती, त्यात ३.२ भरलेली, आणि काजूच्या सीझनला रोज डिझायनर ओरडायचे स्पेस नाय म्हणून. डीलरकडे गेलं की तो पहिलं विचारतो किती टीबी पायजे. त्याचं उत्तर घरूनच काढून न्या.

आम्ही वर्षवार फोल्डरांची साइझ बघितली, वर्षाला साधारण १.२ टीबी वाढतंय. पाच वर्षांचे ६, आताचे ३.२, झाले ९.२. वर स्नॅपशॉटला, म्हणजे सर्व्हर फाइलींच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवतो त्याला, २० टक्के, म्हणजे ११, आणि व्हॉल्यूम ८० टक्क्यांवर भरायचा नाही म्हणून ११ भागिले ०.८, जवळजवळ १४. ८ च्या चार ड्राइव्ह रेड ६ मध्ये (कुठल्याही दोन गेल्या तरी डेटा राहतो अशी मांडणी) लावल्या की दोनांएवढी जागा पॅरिटीत, म्हणजे गेलेला डेटा परत काढायच्या माहितीत जाते, उरतात १६, आणि विंडोज दाखवतं साडेचौदा, कारण ड्राइव्हवाले हजाराने मोजतात आणि विंडोज १०२४ ने. बसलं.

डीलरचं म्हणणं १६ च्या दोन घ्या, मिरर करा, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा, जागा तेवढीच. जागा तेवढीच हे खरं, पण एक गेली की नवीन भरून होईपर्यंत अख्खा धंदा उरलेल्या एकीवर, आणि १६ टीबी सेकंदाला २०० एमबीने लिहायचे म्हटले तरी २२ तास, तेही सर्व्हरला दुसरं काम नसताना. शिवाय आमचा सर्व्हर सहा ड्राइव्ह बसणारा, पुढे ८ ची एकच ड्राइव्ह घातली तरी जागा वाढते, मिररला परत जोडी घ्यावी लागली असती.

घेताना मॉडेल नंबर टाकून सीएमआर आहे (डेटाचे ट्रॅक सुटे) की एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवलेले, परत लिहायला स्लो) ते बघाच. नॅससाठी, म्हणजे नेटवर्कवरच्या स्टोरेजसाठी म्हणून विकलेल्या २ ते ६ टीबीच्या काही ड्राइव्ह एसएमआर आहेत हे वेस्टर्न डिजिटलला २०२० मध्ये जाहीर करावं लागलं होतं, आणि रीबिल्डला, म्हणजे बदललेली ड्राइव्ह परत भरताना, त्या फार रडवतात.

जुलैत एका ड्राइव्हने पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणारे भाग, दाखवायला सुरुवात केली. शनिवारी सांजेला बदलली, रविवारी दुपारपर्यंत रीबिल्ड झालं, सोमवारी कुणाला कळलंसुद्धा नाही. वॉरंटीतली मात्र यायला बरेच दिवस लागले, तोवर कपाटातली स्पेअर कामाला आली, तेव्हा बजेटमध्ये चार नाही, पाच धरा. यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडा, पावसात लाइट गेली आणि बॅटरी संपत आली की तो आपला आपण नीट बंद होतो. पूर्ण स्क्रब, म्हणजे सगळा डेटा वाचून तपासणं, आम्ही चवथीच्या सुट्टीत चालवला, एरवी मशीन स्लो होते.

स्नॅपशॉट मात्र २० टक्क्यांत राहत नाहीत. डिझायनर दीड जीबीची टीफ इमेज फाइल दिवसातून दहा वेळा सेव्ह करतात, प्रत्येक वेळी जुने ब्लॉक अडकून पडतात. आता चालू कामाचा फोल्डर वेगळा, त्याचे स्नॅपशॉट दोनच दिवस ठेवतो, फायनल झालं की जॉबच्या फोल्डरात. अकाउंट्सची चिंता नको, जीएसटीचे रेकॉर्ड वार्षिक रिटर्नच्या ड्यू डेटपासून ७२ महिने ठेवायचे असले तरी आमचा तो सगळा डेटा काही जीबीच.

बॅकअपची ड्राइव्हपण याच हिशोबात धरा, नाहीतर सर्व्हर १४ चा आणि बाहेरची ४ ची असं होतं. आमच्या ८ च्या दोन आहेत, आलटून पालटून, एक कायम शेठच्या घरी फोंड्याला. अजून दोनेक वर्षं पुरतील, मग १६ च्या. आवाज आहे थोडा, ७२०० आरपीएमच्या आहेत, पण प्रेसमध्ये तो कुणाला ऐकू येणार.